आईच्या निवदाला कावळा शिवेना. आता विचारतो, धर्म मुळात आलाच कशाला?

लेथवाला

नमस्कार मंडळी. मी कोल्हापूरचा. उद्यमनगरात छोटं वर्कशॉप आहे, दोन लेथ आणि एक मिलिंग. तीस वर्षं लोखंड सोलतोय. देवाधर्माच्या वाटेला फारसा गेलो नाही. अंबाबाईला जातो ते पाहुणे आले की, आणि जोतिबाला जातो ते चैत्रात पोरं ओढून नेतात म्हणून. गुलाल अंगावर पडला की बरं वाटतं, पण तेवढंच.

मागच्या महिन्यात आई गेली. वय झालं होतं, तक्रार नाही. पंचगंगेच्या घाटावर नेलं. बाहेरगावच्या लोकांना माहीत नसेल म्हणून सांगतो, आमच्या महापालिकेच्या स्मशानात दहनाला पैसे घेत नाहीत. होळीला लोक होळी लहान करून शेणी स्मशानाला देतात, त्या वर्षभर उपयोगी पडतात. म्हणजे कुणाच्या तरी होळीच्या शेणीवर माझी आई गेली. मला ते आवडलं. ह्यात धर्म किती आणि पालिका किती, हे तुम्ही ठरवा.

तिसऱ्या दिवशी रक्षाविसर्जन. सकाळी नऊची वेळ. निवद मांडला. भात, वरण, भाजी, कांदाभजी, एका कपात चहा. आईला चहा लागायचाच. सगळे मागं उभे. कावळे समोरच्या झाडावर सात-आठ बसलेले, पण एक खाली येईना. पाच मिनिटं, दहा मिनिटं. मामा म्हणाले, काहीतरी राहिलंय तिचं. मग सुरू झालं. मोठ्या भावानं हात जोडून सांगितलं, घराची वाटणी नीट करतो. वहिनीनं सांगितलं, नातीचं लग्न थाटात करू. मी मनात म्हणत होतो, अरे हा कावळा आहे, ह्याला वाटणीचं काय कळतंय. पण खरं सांगतो, हातातला रुमाल पिळून पिळून ओला झाला होता.

वीसेक मिनिटांनी धाकट्या बहिणीला आठवलं. मिश्री! आई पन्नास वर्षं मिश्री लावत होती. पत्र्याची चपटी डबी तिच्या उशाशीच असायची. गाडीतल्या पिशवीतून डबी आणली, निवदाजवळ ठेवली. एका मिनिटाच्या आत कावळा उतरला आणि कांदाभजी उचलून गेला.

मी रडलो. तिला आग दिली तेव्हा रडलो नव्हतो.

तेव्हापासून डोक्यात चक्र फिरतंय. मिलिंगवर काम करणारा माझा भागीदार मुसलमान. त्याचे वडील गेले तेव्हा मी कब्रस्तानात होतो, तिथं कावळ्याबिवळ्याचा विषय नाही. शेजारचा पॅटर्नवाला लिंगायत, त्याच्या आजीला बसवून पुरलं, हातात इष्टलिंग, वर विभूती आणि बेलाची पानं. पलीकडच्या शेडमध्ये काम करणारा एक ख्रिश्चन आहे, अमेरिकन मिशन 1852 ला इथं आलं तेव्हापासूनची त्यांची पिढी. त्यांच्यात पेटी, प्रार्थना, फुलं. आमच्या चौघांच्या घरी मेलेल्या माणसाचं चार ठिकाणी चार तऱ्हेनं होतं. आणि चौघंही घरी येऊन तसंच गप्प बसतात.

एकाच कामाचे चार ड्रॉइंग असतील तर चारही बरोबर नसतात, हे माझ्या धंद्यात पोरगंही सांगेल. मग धर्म ही भानगड माणसानं केली कशाला? भीतीनं? फसवायला? का आणखी कशानं? पुस्तकी बोला, पण जरा समजेल असं.

---

सडकछाप

दादा, दुःखात सहभागी. सगळे धर्म एकच सांगतात. माणुसकी हाच खरा धर्म.

---

लेथवाला

आभार भावा. पण एकच सांगत असते तर एकानं बसवून आणि एकानं जाळून कशाला दिलं असतं?

---

जयसिंगपूरची बाई

भाऊ, आईंना माझा नमस्कार. मी निवृत्त शिक्षिका, जैन. तुमचं "चार ड्रॉइंग" वाचून हसले, कारण आमचं पाचवं आहे.

आमच्यात श्राद्ध नाही, पिंड नाही, कावळा नाही. का नाही, तर हिशेब वेगळा आहे. जैन मतानं जीव शरीर सोडतो तो क्षणात दुसऱ्या जन्माला जातो. वाटेत थांबणारं कुणी नाहीच, मग निवद कुणाला? तुमच्याकडचा हिशेब असा की पहिले दहा दिवस पिंड द्यायचे, त्यातून गेलेल्याचं एकेक अंग तयार होतं आणि मग तो पुढच्या प्रवासाला लागतो. इस्लाममध्ये तो कयामतपर्यंत थांबतो. बुद्धाला विचारलं की तथागत मेल्यावर असतो की नसतो, तर त्यांनी उत्तरच दिलं नाही. हा प्रश्न सोडवून दुःख सुटत नाही, असं म्हणून बाजूला ठेवला. ज्यूंकडे सात दिवस घरात खाली बसतात, आरसे झाकतात आणि कद्दिश नावाची प्रार्थना म्हणतात. तिच्यात मरणाचा एक शब्द नाही, नुसती देवाची स्तुती. पण ती एकट्यानं म्हणता येत नाही, निदान दहा माणसं लागतात.

म्हणून "सगळे एकच सांगतात" हे मला पटत नाही. ऐकायला गोड आहे, पण त्यात कुणाचंच नीट ऐकून घेतलेलं नसतं. उत्तरं वेगळी आहेत, आणि काही ठिकाणी एकमेकांना छेद देणारी आहेत.

दुसरं असं की देव नसेल तर धर्म नाही, अशी आपली समजूत असते. आमच्याकडे चोवीस तीर्थंकर आहेत, पण जग निर्माण करणारा कुणी नाही. तरी कोल्हापुरात शुक्रवार पेठेत लक्ष्मीसेन मठ आहे, बाहुबलीला डोंगरावर गर्दी आहे, पर्युषणात उपास आहेत. म्हणजे देव काढून घेतला तरी बाकीचं यंत्र चालूच राहतं. ते कशावर चालतं, हा तुमचा खरा प्रश्न दिसतो.

आणि एक शब्दाचं. आपण ज्याला आज धर्म म्हणतो ती पेटी अलीकडची आहे. माझी आजी "भिकाऱ्याला धर्म कर गं" म्हणायची. शेजारधर्म, धर्मशाळा, धर्मकाटा. ह्यात कुठं आला देव? तिला कुणी विचारलं असतं की तुझा धर्म कुठला, तर ती म्हणाली असती, दारी आलेल्याला रिकामं पाठवायचं नाही.

---

अर्धवट नास्तिक

मूळचा राजारामपुरीचा, सध्या पुण्यात पुरातत्त्व शिकतोय. काका, आधी एक तांत्रिक प्रश्न. बहीण डबी आणायला गेली तेव्हा बाकीचे कुठं होते? जागेवरच, की मागं सरकले?

आता मुद्दा. माणसानं मेलेल्याशी असं वागणं फार जुनं आहे. इस्राएलमधल्या काफ्झे गुहेत साधारण 90 हजार ते 1 लाख वर्षांपूर्वीची दफनं सापडली, त्यांच्यासोबत तांबडी गेरू. (जोतिबाचा गुलाल आठवला, पण हे फक्त मला आठवलं, पुरावा म्हणून घेऊ नका.) पुणे जिल्ह्यात घोडनदीकाठी इनामगाव आहे. साडेतीन-तीन हजार वर्षांपूर्वीची वस्ती. तिथं लहान मूल गेलं की दोन रांजण तोंडाला तोंड लावून त्यात ठेवायचे आणि घराच्याच जमिनीखाली पुरायचे. मोठ्या माणसांनाही घरातच पुरायचे, पण घोट्याखालून पाय तोडून. अभ्यासकांचा अंदाज असा की मेलेल्यानं उठून निघून जाऊ नये म्हणून. प्रेम म्हणा किंवा भीती म्हणा, पाय तोडण्यात दोन्ही बसतं. त्या लोकांचे ग्रंथ नाहीत, त्यांच्या देवाचं नाव कुणाला ठाऊक नाही. पण "जाऊ नको" आणि "परत येऊ नको" हे दोन्ही एका वेळी वाटणं त्यांना ठाऊक होतं.

का, ह्याची उत्तरं अनेक. 1871 साली टायलर नावाच्या इंग्रज अभ्यासकानं मांडलं की स्वप्नात मेलेला माणूस भेटतो, म्हणून आदिमानवाला वाटलं की शरीराशिवाय काहीतरी उरतं, आणि तिथून आत्मा, तिथून देव. मॅलिनोव्स्की पहिल्या महायुद्धाच्या काळात पापुआजवळच्या ट्रोब्रिअंड बेटांवर राहिला. त्यानं पाहिलं की कोळी खाडीच्या शांत पाण्यात मासे धरताना मंत्रतंत्र करत नाहीत, पण खोल समुद्रात जायचं असेल तर भरपूर करतात. जिथं आपला हात पोहोचत नाही तिथं मंत्र सुरू होतो. आजकालचे मानसशास्त्रज्ञ म्हणतात, गवत हललं की वारा समजणाऱ्यापेक्षा वाघ समजणारा जास्त वाचला, म्हणून कुठंही काही हललं की त्यामागं "कुणीतरी" आहे असं आपल्या मेंदूला वाटतं. तुमच्या झाडावरच्या कावळ्यामागं आई दिसली ती अशी.

आणि विरोधही तितकाच जुना आहे. चार्वाकांचा टोमणा असा की श्राद्धाचं अन्न मेलेल्याला पोहोचत असेल तर प्रवासाला निघालेल्याला शिदोरी कशाला देता? घरी कुणाला तरी जेवू घाला, त्याचं पोट वाटेत भरेल.

काका, एक खोडी काढतो. खंडेनवमीला लेथची पूजा करता की नाही?

---

तालीमवाला

लेथवाले भाऊ, आमच्यात कावळा नाही हे खरं, पण घाई मात्र आहे. जितक्या लवकर होईल तितक्या लवकर पोहोचवायचं. गुस्ल म्हणजे अंघोळ, मग कफन, पुरुषाला तीन कपडे, बाईला पाच. शिलाई मारलेलं काही नाही, खिसा नाही. जनाजाच्या नमाजला वाकणं नाही, सजदा नाही, उभ्यानंच. कबर दक्षिणोत्तर, तोंड पश्चिमेला. आलेला प्रत्येक जण तीन मुठी माती घालतो. कुरआनात आहे, हिच्यातूनच तुम्हाला घडवलं, हिच्यातच परत नेऊ आणि हिच्यातूनच पुन्हा काढू. तीन मुठी, तीन वाक्यं. मी माझ्या अब्बांना माती दिली तेव्हा दुसरी मूठ सुटेना. मागच्या चाचानं हात धरून सोडवली. तुमचा कावळा तो माझी मूठ.

अर्धवट नास्तिक, तू हुशार आहेस बाळा. पण तुझ्या वाघाच्या गोष्टीत मोहरम बसवून दाखव. आमच्या शहरात बाबूजमाल दर्ग्याच्या दारावर गणपती कोरलेला आहे. तालमी-तालमीत मोहरमचे पंजे बसतात, आणि बसवणारे निम्मे तर पाटील, जाधव, पोवार. मोहरम आणि गणपती एकत्र आले त्या वर्षी काही तालमींत दोन्ही शेजारी बसले. कुरुंदवाडात मशिदीत गणपती बसतो. माझे काही नातेवाईकच म्हणतात हे बरोबर नाही, ग्रंथात नाही. ते ग्रंथाच्या बाजूनं बरोबर असतील. पण करबल्यात इसवी सन 680 ला मेलेल्या इमाम हुसेनसाठी पेठेतला पैलवान कशाला रात्र जागवतो? त्याला कुणी भीती घातली नाही, फसवलंही नाही. त्याच्या तालमीचा पंजा आहे, बस्स. आणि ह्याच शहरात दगडं पडलेलीही मी बघितलीत, तेव्हा नुसतं गोडगोड नको.

---

सत्यशोधकाची नात

सगळ्यांनी भीती, प्रेम, वाघ सगळं सांगितलं. मंत्र कुणी म्हणायचा हे कुणीच सांगितलं नाही.

लेथवाला दादा, तुम्ही ज्या नदीकाठी उभे होतात तिथंच 1899 च्या कार्तिकात शाहू महाराज स्नानाला जात होते. मंत्र म्हणणारा पुरोहित स्वतः अंघोळ न करता आलेला, आणि म्हणत होता ते वेदोक्त, म्हणजे वेदांतले मंत्र नव्हेत, पुराणोक्त, म्हणजे पुराणांतले. विचारल्यावर कळलं की तुम्ही आमच्या लेखी शूद्र, त्यामुळं पुराणोक्तच, आणि त्याला अंघोळीची गरज नाही. छत्रपतींना ही गत, तर माझ्या पणज्याची काय असेल! वेदोक्त मंत्रांच्या हक्कावरून पुढं जो वाद पेटला, ते वेदोक्त प्रकरण सगळ्यांना माहीत आहे. पण मला त्यातलं महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच. महाराजांनी धर्म सोडला नाही. 1911 ला कोल्हापुरात सत्यशोधक समाज उभा राहिला त्याला पाठबळ दिलं, पुरोहित तयार करायची शाळा काढली, 1920 ला क्षात्रजगद्गुरू, म्हणजे मराठ्यांचा स्वतःचा धर्मगुरू, नेमला. मराठ्यांसाठी, जैनांसाठी, लिंगायतांसाठी, मुसलमानांसाठी, ख्रिश्चनांसाठी वसतिगृहं काढली. धर्म राहू दे, दलाल काढा, असा तो खाक्या.

मार्क्सचं "अफू" सगळे सांगतात. त्याच्या आधीचं वाक्य कुणी सांगत नाही, की धर्म हा पिचलेल्या माणसाचा उसासा आहे. मला दोन्ही पटतात. अफू विकणारा आणि उसासा टाकणारा ही वेगळी माणसं आहेत एवढंच.

आमच्या घरी भट येत नाही, तीन पिढ्या. वडील गेले तेव्हा अग्नी मी दिला, भाऊ असताना. कागलकडचं गाव, कुजबूज झाली. राख नदीत सोडली नाही, शेतात आंब्याच्या खड्ड्यात घातली. निवद ठेवला नाही. आणि खरं सांगू? सगळे गेल्यावर आई एका पानावर भाकरी घेऊन परड्यात गेली. मी बघून न बघितल्यासारखं केलं.

---

जयसिंगपूरची बाई

नातबाई, तुमच्या आईंनी केलं ते वाचून थोडा वेळ काही सुचलं नाही. मूळ प्रश्नावर एकच भर घालते. दुर्खीम नावाचा फ्रेंच समाजशास्त्रज्ञ होता, रब्बीचा म्हणजे ज्यू धर्मगुरूचा मुलगा, स्वतः न मानणारा. 1912 साली त्यानं मांडलं की लोक देव म्हणून ज्याच्यापुढं वाकतात ती त्यांची एकत्र असण्याचीच ताकद असते. तालीमवाल्या भावांचा पंजा त्यात बसतो, कद्दिशची दहा माणसं बसतात. माझं मात्र त्यानं पूर्ण समाधान होत नाही. आमच्यात सल्लेखना घेणारा माणूस शेवटी अगदी एकटा असतो, अन्नपाणी सोडून. तिथं समाज बाहेर वंदना करतो, पण आत जे चाललंय ते त्या एकट्याचं.

---

लेथवाला

दोन दिवस कामात होतो. एका पंपाच्या शाफ्टची ऑर्डर होती. सगळ्यांचं वाचलं, काही दोनदा.

अर्धवट नास्तिक, पहिल्यांदा तुझा तांत्रिक प्रश्न. हो, मागं सरकले. बहीण डबीला गाडीकडं गेली तशी सगळी तिच्यामागं फाटकापर्यंत गेली, कुठल्या पिशवीत आहे ते सांगायला. निवदाजवळ मी एकटा, तोही दहा पावलं लांब. ती डबी ठेवून परत फिरली आणि कावळा आला. म्हणजे डबीमुळं आला नाही, गर्दी हटली म्हणून आला. तू विचारायच्या आधी मला हे माहीत होतं. खरं म्हणजे कावळा खाली येतानाच माहीत होतं. तरी रडलो. तुझ्या शास्त्रात ह्याला काय म्हणतात ते बघून ठेव.

खंडेनवमी करतो. लेथला हार, चकवर हळदकुंकू, खाली लिंबू. कामगार करतात, मी उभा राहतो. एका वर्षी भागीदारानं केली, मी गावाला होतो म्हणून. त्याला विचारलं, तुझ्यात चालतं का? म्हणाला, मशीन तुझ्यात आहे का माझ्यात? विषय संपला.

भीतीचं पटतं, पण थोडंच. गुरुजी आले असते आणि कावळा शिवला नसता तर दर्भाचा कावळा करून शिवून घेतला असता, तशी सोय आहेच. कुणाला घाबरवायचं असतं तर ती पळवाट कशाला ठेवली असती? मुंबईच्या पारशांचं वाचलं मध्ये. जनावरांच्या डायक्लोफेनॅक औषधानं गिधाडं संपली, आता दोखम्यात, म्हणजे ते मृतदेह गिधाडांसाठी ठेवतात तिथं, सूर्याची उष्णता एकवटणारे आरसे बसवलेत. पक्षी बदलला, काम चालू. आमच्या धंद्यात ह्याला जुळवून घेणं म्हणतात. ड्रॉइंग काही म्हणू दे, भोक बसलं पाहिजे.

नातबाई, तुमचं दलालाचं शंभर टक्के. दिवसकार्याला जी यादी आमच्या हातात पडली ती बघून मला लोखंडाचे भाव स्वस्त वाटले.

परवा सुट्टीला टाऊन हॉल म्युझियममध्ये गेलो. शाळेत असताना गेलो होतो, त्यानंतर आत्ताच. तिथं पोसायडनची छोटी कांस्यमूर्ती आहे, ब्रह्मपुरीच्या टेकडीवर सापडलेली. ब्रह्मपुरी म्हणजे आमच्या घाटाच्या उशाशीच. रोमन लोकांशी व्यापार होता त्या काळातली, दोन हजार वर्षांच्या आसपास झाली. समुद्राचा देव, आणि आला कुठं तर पंचगंगेला. ओतकाम असं की आजचा फाउंड्रीवाला मान खाली घालेल. मी बराच वेळ बघत उभा होतो. कधीतरी कुणीतरी ह्याच्यापुढंही काहीतरी ठेवलं असेल. आता काचेत आहे. पोरं येतात, पाटी वाचतात आणि पुढच्या तलवारीकडं पळतात. देव तोच, ओतकाम तेच, फक्त त्याची माणसं नाहीत.

बाई, तुम्ही विचारलंत की यंत्र कशावर चालतं. मला अजून नक्की सांगता येत नाही. पण घरातलं एक सांगतो. रक्षाविसर्जनाहून येताना बहिणीनं डबी परत आणली. टाकवेना. तिनं ती देव्हाऱ्यात ठेवली, जोतिबाच्या टाकाशेजारी. मी म्हटलं, मिश्रीची डबी देवात? बायको म्हणाली, राहू दे दिवस होईपर्यंत. दिवस होऊन तीन आठवडे झाले. डबी तिथंच. काल सकाळी बघितलं तर डबीवर हळदकुंकू. कुणी लावलं म्हणून विचारलं, तर घरात कुणी कबूलच होईना.